दोघी इथे बसतो

४ मे, शनिवार

सेथुन्याला मातीत ठेवून आज सहा आठवडे झाले. काल गावाहून, कान्येहून, बसने राजधानीत गॅबारोनीला आले. बोंतलेंग वस्तीतली तिची भाड्याची खोली महिनाअखेरीस रिकामी करून द्यायची आहे. भाऊ म्हणत होता, "मी जातो, तू कशाला?" मी म्हटलं, "माझ्या मुलीचा पसारा मी आवरीन. एकोणतीस वर्षं तेच करतेय."

पण पसारा नव्हताच. एक पलंग, गॅसची शेगडी, दोन पातेली, एक पत्र्याची ट्रंक. कपडे सगळे घडी घालून ठेवलेले. ही शिस्त माझी. ट्रंकेच्या तळाशी निळ्या छापील कापडाचा एक फ्रॉक निघाला, बाहुलीला होईल एवढा. सेथुन्या परदेशी पाहुण्यांना शहर दाखवायची, आपण राहतो तसं, पायी आणि भाड्याच्या व्हॅनमधून, काँबीतून. त्यांना दाखवायचा शिवणाचा नमुना असणार.

पोलिसांनी कान्येच्या वाटेवरच्या अपघाताच्या जागेवरून आणून दिलेली तिची पिशवीही सोबत आणली आहे. घरी एकटी ठेववेना. तिची चेन मी उघडलेली नाही आणि उघडणार नाही.

उशीखाली एक वही सापडली. पाहुण्यांना कुठे न्यायचं, तिथे काय सांगायचं, असं पानोपान लिहिलंय. अक्षर अजून तसंच गिचमिड. सवयीने लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानावरच्या चार चुका सुधारल्या. मग लक्षात आलं की वही परत कोणाला द्यायची?

५ मे, रविवार

शेजारच्या खोलीत नव्याने आलेल्या माणसाने सकाळी नमस्कार केला, "दुमेला, म्मा-सेथुन्या." मी दार लावून घेतलं. बिचाऱ्याची चूक नाही, घरमालकाने सांगितलं असणार. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव शाळेच्या मस्टरपुरतं उरतं. ती झाली त्या दिवसापासून मी म्मा-सेथुन्या, सेथुन्याची आई. आता ती नाही आणि लोक मला दिवसातून वीसदा तिच्या नावाने हाक मारतात. प्रत्येक वेळी काळजात कळ येते. म्हणून ठरवलं, या शेजाऱ्याखेरीज या शहरात मला कोणी ओळखत नाही, इथे मी नुसती 'बाई'. कान्येच्या शाळेत पोरं म्हणायची तशी.

आणखी एक ठरवलं. खोली सोडायच्या आधी या वहीतल्या जागांवर जाऊन यायचं, पान एकेक करत. माझी मुलगी दिवसभर कुठे चालायची, ते मला माहीतच नाही. पुढची पानं आधी बघायची नाहीत. धडा संपल्याशिवाय पुढचा धडा नाही, हे मी पोरांना छडी दाखवून शिकवलं आहे.

६ मे, सोमवार

पान पहिलं. "आधी नमस्कार, मग प्रश्न. पाहुण्यांना सर्वांत आधी हे शिकवायचं. नमस्कार न करता रस्ता विचारला तर आपण सांगतो, पण चुकीचा." हे वाचून एकटीच हसले. मग लिहिलंय, "स्टेशनच्या पुलाखाली माग्विन्याचे तळलेले गोळे खायचे, उभ्याने, कागदातून. मग पुलावरून रूळ ओलांडायचे, गर्दीत कोपर मारायचं नाही, मारलं तर माफी मागायची नाही, हसायचं. आम्ही दोघी इथून सुरुवात करतो."

दोघी? कोण दुसरी? सेथुन्या माझ्याशी फोनवर बोलायची तेव्हा 'मी' म्हणायची. भागीदारीण असल्याचं कधी बोलली नाही.

पुलाखालच्या तळणीवाल्या बाईला विचारलं, "सेथुन्या इथे यायची, पाहुण्यांना घेऊन. माहीत आहे?"

"सेथुन्या?" ती कढईतून गोळे काढत म्हणाली. "नाही बुवा. पाहुणे घेऊन यायची ती म्मा-गोमोत्सो. आधी खा, बाई. रिकाम्या पोटी प्रश्न आंबट निघतात."

गोळा गरम होता, जीभ भाजली. म्हणजे मालकीण ही म्मा-गोमोत्सो. माझी मुलगी तिच्या मागे चालणार, छत्री धरणार आणि नाव हिचं होणार. सेथुन्या लहानपणापासून अशीच, पाटीवरचं गणित सोडवायची आणि शेजारणीला दाखवून द्यायची.

पण एक बरं झालं. माझ्या मुलीला रोज पाहणारं कोणीतरी या शहरात आहे. मला तिला एकच विचारायचंय. गेली दोन वर्षं सेथुन्या फोनवर दोन वाक्यांत आटपायची. ती माझ्यावर रागावली होती का?

७ मे, मंगळवार

पान दुसरं, मेन मॉल. "बँकेसमोरचं झाड नाही, त्याच्या पुढचं. दुपारच्या सुट्टीत ऑफिसातली माणसं डबा खायला बसतात, त्यांच्यात बसायचं आणि काहीही बघायचं नाही. बघण्यासारखं आपोआप समोर येतं. म्मा-वामेच्या छत्रीची सावली बाराला बाकावर येते. दोघी इथे बसतो. इथे वारा लागत नाही."

म्मा-वामे मोबाइलचं रिचार्ज विकते. मोठी पिवळी छत्री, त्याहून मोठा आवाज. माझ्या खांद्यावरची काळी शाल बघून तिने आवाज खाली आणला, उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला. कोण गेलं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"काय म्हणून हाक मारू?"

"बाई म्हणा. शाळेत होते."

"मग मी पाठ ताठ करून बसते," म्हणाली आणि खरंच बसली.

मी म्मा-गोमोत्सोबद्दल विचारलं. तिचा चेहरा पडला. "ती सोडून गेली आम्हाला, बाई. मार्चमध्ये."

"कुठे?"

"देवाला माहीत." तिने छत्रीचा दांडा उगाच इकडचा तिकडे केला. "या बाकावर आता मी पिशवी ठेवते. दुसरं कोणी बसलं की बघवत नाही."

मार्चमध्येच! माझी मुलगी मार्चमध्ये गेली आणि ही बाई पत्ता न ठेवता गाशा गुंडाळून पसार झाली. दफनाला आली नाही. आली असती तर मला कळलं असतं का, ते मात्र सांगता येत नाही. त्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे डोक्यावरून घोंगडी घेऊन बसले होते.

९ मे, गुरुवार

पान तिसरं, ओल्ड नालेदी वस्ती. काँबीत मागच्या बाकावर चौघी, त्यातल्या दोघी माझ्याएवढ्या. उतरताना सगळी काँबी रिकामी करावी लागते आणि कोणी कुरकुर करत नाही. वहीत हेही लिहिलंय: "उतरणाऱ्याला सगळे मिळून उतरवतात."

शिंपी रा-मोदिसे पत्र्याच्या शेडमध्ये पायाच्या मशीनवर बसतो. निळं छापील कापड, लग्नातल्या बायकांचे झगे. त्या बाहुलीच्या फ्रॉकचं कापड हेच. मी विचारलं, तो म्हणाला, "या नक्षीचं शेवटचं काम मी म्मा-गोमोत्सोसाठी केलं. हौसेने. एक दमडी घेतली नाही."

"आणि सेथुन्यासाठी?"

"ती कोण?"

मी तडक बाहेर पडले. म्मा-गोमोत्सोसाठी हौसेने शिवतात आणि माझ्या मुलीचं नावसुद्धा ठाऊक नाही! तो मागून ओरडत होता, "बाई, चहा तरी घ्या, राग नंतर नेता येईल बरोबर." परत गेले नाही. आता वाटतं, घ्यायला हवा होता.

११ मे, शनिवार

कगालेची टेकडी. शनिवारी सकाळी अर्धं शहर चढतं. पोरंपोरी धावत वर, म्हातारे काठ्या टेकत, माकडं सगळ्यांच्या डब्यांवर डोळा ठेवून. पानावर लिहिलंय, "पहिल्या मोठ्या दगडापर्यंतच. वर नको, दोघींना झेपत नाही. पाहुण्यांना म्हणायचं, तुम्ही जाऊन या, आम्ही इथे दूध पितो."

ही म्मा-गोमोत्सो चांगलीच जाडजूड असणार. वीस पावलं चढायची नाहीत आणि उलट बसून दूध प्यायचं. आणि माझी सेथुन्या, शाळेत धावण्यात पहिली येणारी, हिच्यासाठी खाली थांबायची.

मी त्या दगडावर बसले. खाली धरणाचं पाणी दिसत होतं. पुढे चढावंसं वाटलं नाही.

१२ मे, रविवार

इथल्या चर्चमध्ये गेले. प्रार्थना मंडळाच्या सभासद बायकांचा लाल ब्लाउज घातला होता. अनोळखी बायकांनीही ब्लाउज बघून पुढच्या रांगेत जागा दिली. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

चार वर्षांपूर्वीचं आठवत राहिलं. मंडळातल्या म्मा-दिकेलेदीच्या मुलीला लग्नाआधी दिवस गेले, तेव्हा सभेत उभं राहून मीच म्हटलं होतं की म्मा-दिकेलेदीने वर्षभर ब्लाउज उतरवावा. नियमच तसा आहे. तिने सगळ्यांसमोर बटणं काढली. सेथुन्या त्या दिवशी घरी आली होती. रात्रीच्या जेवणाला मला म्हणाली, "आई, मूल मुलीला आणि ब्लाउज आईचा?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. उद्या या घरात झालं तर मीही काढीन." तिने ताट उचलून मोरीत ठेवलं.

पुढच्या वर्षीच्या नाताळला ती आली नाही. पाहुण्यांचा हंगाम आहे म्हणाली. मग जूनमध्ये न कळवता आली आणि दहा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोरीच्या अंगाला आंबलेल्या दुधाचा वास येत होता. मला वाटलं, ताक सांडलंय अंगावर आणि धुवायचाही कंटाळा. मी म्हटलं, "शहरात राहून हेच शिकलीस का? ऊठ, आंघोळ कर." उठली, आंघोळ केली, ब्लाउज स्वतः धुतला आणि दुसऱ्या दिवशी गॅबारोनीला परत गेली. दोन वाक्यांचे फोन तेव्हापासून.

मी एवढं काय बोलले होते? म्मा-गोमोत्सो सापडली तर तेही विचारीन.

१४ मे, मंगळवार

वहीत मध्यावर काहीतरी बदललंय. 'दोघी' संपलं. कालच्या आणि आजच्या पानावर नुसतं 'मी'. "मी पुलावर थांबते. मी बाकावर बसते." म्हणजे त्यांचं बिनसलं. शाईही निराळी.

सकाळी तळणीवालीकडे पुन्हा गेले. म्हटलं, "म्मा-गोमोत्सो आणि तिच्याबरोबरची ती दुसरी, त्यांचं भांडण झालं होतं का?"

तिने झारा बाजूला ठेवला. "भांडण? नाही, बाई. तिचं तर बोलणंच संपलं होतं. वर्षभर नुसती पाहुण्यांशी बोलायची, तेही इंग्रजीत."

उद्या म्मा-वामेकडे जाऊन सोक्षमोक्ष लावते. पत्ता घेतल्याशिवाय उठणार नाही. माझ्या मुलीशी कोणी बोलणं टाकलं असेल तर मला ते कळायला हवं.

१५ मे, बुधवार

आज लिहीत नाही.

१८ मे, शनिवार

तीन दिवस झाले. लिहिलं नाही तर मला खोटं वाटेल, म्हणून लिहिते.

बुधवारी म्मा-वामेच्या समोर उभी राहिले आणि नमस्कारही न करता बोलले. "ती म्मा-गोमोत्सो कुठे आहे ते सांगा. माझी मुलगी तिच्याबरोबर रोज हिंडली, तिच्यासाठी टेकडीखाली थांबली आणि ती बाई तिला माती द्यायला आली नाही. मला तिला तोंडावर विचारायचंय."

"तुमची मुलगी कोण, बाई?"

मी फोनमधला फोटो दाखवला. कान्येच्या अंगणातला, पाण्याचा डबा डोक्यावर घेतलेला.

म्मा-वामेने फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं, कपाळाकडे, दातांमधल्या फटीकडे. बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि मला तिथे बसवलं.

"हीच म्मा-गोमोत्सो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही. हिला मूल नाही."

"होतं, बाई. पाठीला बांधलेलं असायचं. गोमोत्सो. पाहुण्यांपेक्षा तिलाच जास्त शहर दाखवायची. हा पूल बघ, ही आजी बघ, हे झाड बघ. सात महिन्यांची झाली होती. जून, ऐन हिवाळा, खोकला झाला, तीन दिवसांत गेली." म्मा-वामे थांबली. गिऱ्हाईक आलं होतं, तिने हातानेच त्याला घालवलं. "नंतर आम्ही विचारलं, आता तुला दुसऱ्या नावाने हाक मारू का? म्हणाली, नको. तेवढंच उरलंय तिचं. तेवढं म्हणत जा."

पाहुणे समोरून जात होते, ऑफिसातली माणसं डबे खात होती. मला कोणाचाही आवाज येत नव्हता.

मी विचारलं, "ती माझ्यावर रागावली होती का?"

"रागावलेली? तुमच्या लाल ब्लाउजचं इतकं सांगायची की मला तो पाठ झालाय. तुम्ही तो दुसऱ्या कोणाला इस्त्री करू देत नाही. म्हणायची, माझ्या आईच्या अंगावरून तो माझ्यामुळे उतरायला नको. मार्चमध्ये मात्र म्हणाली, आता सांगूनच टाकते. आई आधी चिडेल, मग रडेल, मग आम्ही दोघी रडू."

मार्चमधला तो फोन. "आई, एक सांगायचंय, फोनवर नको, येतेच." मी म्हटलं होतं, "लग्नाचं असेल तरच ये." थट्टेत म्हटलं होतं. बहुतेक थट्टेत.

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. ती मला सांभाळत होती. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंगावर दूध आटत होतं आणि मी तिला आंघोळ करायला सांगितलं. मी सहा मुलांना जन्म दिला नाही, दहांना दिला नाही, एकीलाच दिला आणि तिच्या अंगचा दुधाचा वास मला ओळखता आला नाही.

निघताना म्मा-वामे म्हणाली, "आणि मी तुम्हाला खुळ्यासारखी बाई, बाई म्हणत होते."

मी म्हटलं, "मी म्मा-सेथुन्या." आठ आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने म्हटलं. तिने ते पुन्हा म्हटलं, मोठ्याने, शेजारच्या छत्रीवालीला ऐकू जाईल असं. दुखलं. पण मी तिला थांबवलं नाही.

२० मे, सोमवार

पिशवीची चेन उघडली.

आल्याच्या गोळ्यांची पुडी, माझ्यासाठी, एकमेकींना चिकटलेल्या. कंगवा. एक टॉवेल. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं दवाखान्यातलं बाळाचं कार्ड. मुलाचं नाव गोमोत्सो. आईचं नाव सेथुन्या. खाली वजनाच्या चौकटी, महिन्याला एक. सात भरलेल्या आहेत, सातव्यात वजन आधीपेक्षा कमी. पुढच्या सगळ्या कोऱ्या. मी छत्तीस वर्षं हजेरीपट भरले, कोरी चौकट मला कधी खपली नाही. कार्ड पुन्हा टॉवेलमध्ये ठेवलं.

गोमोत्सो म्हणजे सांत्वन. माझ्या नातीचं नाव सांत्वन होतं.

तो निळा फ्रॉक मी ट्रंकेतून काढून उशाशी घेतला आहे. लाल ब्लाउज घडी केला. रविवारी कान्येला सभेत उभी राहून परत देणार. भाऊ फोनवर म्हणाला, "मेलेल्या माणसांना कुठले नियम?" मी म्हटलं, "नियम मेलेल्यांसाठी नाही, आजीसाठी आहे. मी आजी आहे." म्मा-दिकेलेदीच्या दारात आधी जाईन. तिने चहा दिला नाही तरी अंगणात थांबेन.

२३ मे, गुरुवार

मधली पानं संपवून वहीचं शेवटचं पान आज उघडलं. पहिल्याच दिवशी उघडलं असतं तर सगळं कळलं असतं. पण मी माझा नियम पाळत बसले.

"शेवटची जागा. इथे पाहुणे आणायचे नाहीत. दफनभूमीच्या फाटकातून आत, लहान मुलांची बाजू, नळापासून चौथी रांग, निळा पत्रा. मी एकटी बसते."

काँबीत म्मा-वामे बरोबर होती. छत्री शेजारणीवर सोपवून आली होती. रा-मोदिसे फाटकाशी उभा होता, हातात टोपी. मला बघून म्हणाला, "म्मा-सेथुन्या, चहाचं राहिलंय तुमचं." मी म्हटलं, येईन. दोघं फाटकाशीच थांबली.

नळापासून चौथी रांग. पत्र्याचा निळा रंग उडालाय, नावातलं पहिलं अक्षर तेवढं वाचता येतं. दोन महिने कोणी आलेलं नव्हतं, गवत वाढलं होतं, वाळलं होतं. मी ते उपटलं. शाल काढून खाली घातली, बसले.

आधी नमस्कार, मग प्रश्न. "दुमेला, गोमोत्सो," मी म्हटलं. मग प्रश्न काही सुचेना. मी कोण ते सांगितलं. तिची आई कुठे आहे ते सांगितलं, कान्येला, माझ्या आईच्या शेजारी, तिथून टेकड्या दिसतात. मग फ्रॉक मांडीवर घेऊन खूप रडले.

ऊन कलल्यावर वही काढली. लाल पेन पिशवीत होतंच. शेवटच्या ओळीत 'एकटी' शब्द होता. तो खोडला आणि वर लिहिलं, 'दोघी'. वाचून पाहिलं. "मी दोघी बसते." व्याकरण चुकलं. छत्तीस वर्षांत अशी चूक मी कोणाची सोडली नव्हती.

ही राहू दिली.